पंधराच्या जागी सात थेंब

मी एका माणसाविरुद्ध पत्रक काढलं होतं, आणि त्या पत्रकात एकही गोष्ट खोटी नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी रंगवून सांगतोय असं कुणाला वाटायला नको. पत्रकं लिहायचा मला आता कंटाळा आला आहे. मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी लिहिली, दारूच्या गुत्त्यांविरुद्ध लिहिली, विहिरी सगळ्यांना खुल्या करा म्हणून लिहिली. लोकांनी ती वाचली, मान हलवली आणि त्यात तंबाखू बांधून नेली. या माणसाबद्दल मात्र पत्रकात न मावणारं बरंच राहून गेलं आहे. ते आता लिहितो, कारण दुसरं काही लिहावंसं वाटत नाही.

रत्नागिरीत आमच्या एका धर्मार्थ दवाखान्यात ते कंपाउंडर होते. सगळा गाव त्यांना थेंबमास्तर म्हणे. मास्तर एवढ्यासाठी, की दुपारी दवाखान्याची खिडकी बंद असताना मागच्या पडवीत ते आम्हा तिघाचौघांना औषधविद्या शिकवीत. दोघे कंपाउंडरच्या परीक्षेला बसणार होते. मला मॅट्रिक होऊन मुंबईला डॉक्टरी शिकायला जायचं होतं. निदान वडिलांना तसं वाटत होतं. आणि थेंब एवढ्यासाठी, की मापाचा पेला समोर असताना हा माणूस थेंब मोजत बसायचा. "घाईच्या औषधाला पेला, जिवाच्या औषधाला थेंब," असं म्हणायचे. मोजताना ओठ हलत, आवाज येत नसे. मध्ये कुणी बोललं तर बाटलीत पडलेलं सगळं मोरीत ओतून पुन्हा एकपासून सुरुवात करायचे. विश्वस्तांपैकी एकजण त्यांना खिडकीतून "काय मास्तर, कसं काय?" असं रोज विचारी. त्या गृहस्थांच्या 'कसं काय'पायी दवाखान्याचं जेवढं औषध मोरीत गेलं असेल, तेवढं मी एखाद्या घरात गेलेलं पाहिलं नाही.

अंगाने उंच, पाठीत वाकलेले. काळा कोट, त्याला डाव्या खिशाशी ॲसिडने पडलेलं भोक. उजवा अंगठा आयोडीनने कायमचा तपकिरी. मिरजोळ्याहून रोज चालत यायचे आणि चालत जायचे, आणि येताना वाटेत कुणी प्रकृतीची तक्रार सांगू लागलं की छत्री उघडून तोंडापुढे धरायचे, ऊन असो नसो. "खिडकीत ये," एवढंच छत्रीआडून ऐकू यायचं.

खिडकीतून ते बाटली सहजासहजी देत नसत. आधी रोग्याला ती हलवून दाखवावी लागे.

"हलव."

बाई बाटली जराशी वाकडी करून दाखवी.

"ही काय झोपलेल्या पोराला कूस वळवतेस? ताक घुसळतेस तशी हलव. हां. आता घरी कोण पाजणार?"

"सून."

"मग सुनेला पाठव. तुला शिकवून मला काय मिळणार?"

आणि खरंच बाटली ठेवून घेत. लोक चिडत. दोन कोस चालून आलेली माणसं शिव्या घालत. मास्तर म्हणत, काही औषधं तळाशी बसतात. वरचं पाणी आठ वेळा घेतलं आणि नवव्या वेळी तळ घेतला, की माणूस जातो, आणि घरचे म्हणतात, शेवटच्या डोसापर्यंत बरा होता हो. हे ते इतक्या कोरड्या आवाजात सांगत, की एकदा एक माणूस ऐकूनच औषध न घेता परत गेला.

बाटलीवर डोसाच्या खुणा म्हणून कागदाची पट्टी डकवायची असते. एका बाजूने खाचा कातरलेल्या, एक खाच म्हणजे एक डोस. तीन दिवसांची बाटली, नऊ खाचा. या पट्ट्यांसाठी मास्तर कुठलाही कागद सोडत नसत. जुनी कॅलेंडरं, जाहिराती, लग्नपत्रिका. छापील बाजू काचेकडे, कोरी बाजू बाहेर, म्हणजे खाचा नीट दिसतात. त्यामुळे बाटली फिरवून उजेडात धरली की औषधाच्या पलीकडून अक्षरं दिसत. एका खोकल्याच्या बाटलीत मी अर्धं लग्न वाचलं आहे. वधूपिता होता, मुहूर्त कातरीत गेला होता.

त्यांचं शिकवणं पुस्तकाबाहेरचं होतं. पहिले पंधरा दिवस काही लिहायचं नाही, फक्त चाखायचं. क्विनाईन, जेन्शनच्या मुळाचा अर्क, एरंडेल, तुरटीचं पाणी. "जिभेला ओळख पटली पाहिजे. लेबल पावसाळ्यात सुटतं. जीभ सुटत नाही." डोळे मिटून चमचाभर कडू पाणी तोंडात घेऊन मी नाव चुकलो, की म्हणत, "पुन्हा. रोगी मेल्यावर लेबल वाचून काय करशील?"

मग एके दिवशी पडवीच्या पायरीवर बसून त्यांनी सगळी औषधविद्या आम्हाला चार प्रश्नांत सांगितली.

"औषध म्हणजे आगबोटीचा उतारू," ते म्हणाले. "बंदरावर उतरला की चार गोष्टी विचारायच्या. आलास कुठल्या वाटेने? उतरलास कुणाकडे? करणार काय? आणि परत जाणार कधी? चारही उत्तरं येत नसतील तर त्याला गावात घ्यायचं नाही."

तोंडाने घेतलेल्या औषधाला यकृताच्या नाक्यावरून जावं लागतं, तिथला नाकेदार आपला वाटा काढून घेतो, म्हणून तोंडाचा डोस मोठा. सुईने टोचलेलं औषध नाका चुकवून खाडीतून आत शिरतं, म्हणून सुईचा डोस लहान. मूत्रपिंड म्हणजे परतीचा धक्का. तो गाळाने भरला असेल तर उतारू गावातच अडकतात. हे मी पुढे जाड इंग्रजी पुस्तकांतून वाचायचा प्रयत्न केला. पायरीवर जेवढं कळलं होतं त्याहून जास्त काही कळलं नाही.

"चौथा प्रश्न कुणी विचारत नाही," मास्तर म्हणाले. "सगळ्यांना आलेला दिसतो. गेला की नाही ते बघायला कुणाला वेळ नाही. आता डिजिटालिस घ्या. दुबळ्या हृदयाचं औषध, याच्याइतका गुणी पाहुणा नाही. पण हा लवकर हलत नाही. कालचा ओटीवर बसलेलाच असतो, आज दुसरा येतो, उद्या तिसरा. घरात गर्दी झालीय हे यजमानाला उशिरा कळतं. आधी अन्न नको होतं. मग ओकारी. मग सगळं पिवळं दिसायला लागतं. मग नाडी मंदावते. मग..."

"मग काय?" मी विचारलं.

"परीक्षेत त्याच्या पुढचं विचारत नाहीत."

हे सगळं मी वहीत उतरून घेतलं. माझं अक्षर चांगलं आहे. वही अजून आहे माझ्याजवळ.

त्यांची आणखी एक खोड होती, तीही सांगायला हवी. औषधांच्या कोठीत भिंतीवर पेन्सिलीने बारीक आकडे लिहिलेले असायचे. बहात्तर, सत्तर, सत्तर, अडुसष्ट. दर पावसाळ्यानंतर नवी ओळ. मी विचारलं तर म्हणाले, "माझे आहेत." पुढे एकदा मी दारातून पाहिलं, तर मास्तर बाटलीतून थेंब मोजून पेल्यात घेत होते, आणि तो पेला त्यांनी स्वतःच्या तोंडाला लावला. मी नोंद करून ठेवली.

त्या वयात मी नोंदी फार करायचो. मीठ आणि सविनय कायदेभंग होऊन गेले होते, मी चार महिने आत जाऊन आलो होतो आणि आता अन्याय शोधत हिंडत होतो. तो दिसतही होता, नाही असं नाही. दुसऱ्या एका दवाखान्यात महारवाड्यातल्या माणसांची बाटली दगडावर ठेवत आणि ती त्यांनी उचलून घ्यायची. मास्तर सगळ्यांच्या हातात देत. हे मला रोज दिसत होतं, पण चांगलं चाललेलं पत्रकात लिहायची आमच्यात पद्धत नव्हती.

मिरकरवाड्यातली एक खारवीण दर तिसऱ्या दिवशी औषधाला यायची. पन्नाशीची असेल. पाय सुजलेले, जिना चढल्यासारखा दम, तरी पाटी घेऊन मासळी विकायला बसायची. तिला आणि गावातल्या एका निवृत्त मुनसफांना डॉक्टरांनी एकच औषध लिहून दिलं होतं. डिजिटालिसचं टिंक्चर, डोसाला पंधरा थेंब, दिवसातून तीनदा. कागद दोन, मजकूर अक्षरशः एक. पावसाळाभर दोघंही तेच टिंक्चर घेत होती.

पावसाळा संपून आगबोटी नुकत्याच पुन्हा सुरू झाल्या होत्या. त्या आठवड्यात एके सकाळी मी कोठीत मास्तरांच्या मागे उभा होतो. मुनसफांचा गडी आला. मास्तरांनी बाटलीत टिंक्चर टाकलं, मी मनात मोजलं. नऊ डोसांचे एकशे पस्तीस थेंब. बरोबर. तासाभराने खारवीण आली. मास्तरांनी थेंब टाकायला सुरुवात केली आणि त्रेसष्टावर थांबले. वर पाणी भरलं, पट्टी लावली.

"हलव," ते म्हणाले. तिने हलवली. तिला छान जमायचं.

त्रेसष्ट भागिले नऊ, सात. मुनसफांना पंधरा, खारविणीला सात.

पुढच्या दोन खेपांनाही त्रेसष्टच. मी मास्तरांना विचारलं नाही. हे आज लिहिताना लाज वाटते, पण त्या वेळी विचारणं म्हणजे आरोपीला सावध करणं असं वाटलं होतं. मी छापखान्यात गेलो. पत्रकाचा मथळा होता, 'गरिबाला अर्धं औषध'. खाली दोन कलमं. एक, धर्मार्थ दवाखान्यात पेन्शनराला पंधरा थेंब आणि मासळीवालीला सात थेंब दिले जातात. दोन, कंपाउंडर दवाखान्याचं औषध स्वतः पितात. दोन्ही मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मिरकरवाड्यात, चावडीवर, बंदरावर मी ते स्वतः वाचून दाखवलं. खारवीण ऐकत बसली होती. वाचून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "मास्तरांनी आसा करावा?"

विश्वस्तांनी सभा बोलावली. डॉक्टर होते, मी होतो. मास्तर कोट घालून उभे राहिले. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही.

"सात दिले हे खरं?" विश्वस्तांनी विचारलं.

"खरं."

"का?"

"मे महिन्यात आलेली बाटली होती ती पावसाळाभर पडून राहिली. उष्मा, दमट हवा. टिंक्चरचा जोर अर्ध्यावर येतो. डॉक्टरांनी गुण येईना म्हणून पाचावरून दहावर नेलं, दहावरून पंधरावर. ते बरोबरच होतं, त्या बाटलीचे पंधरा म्हणजे ताज्याचे सातच. आता बोटी सुरू झाल्या, नवी बाटली आली. जुन्याची तळाला एक बाटलीभर राहिली होती, ती मुनसफसाहेबांचा गडी आधी आला म्हणून त्यांच्याकडे गेली. बाईला नव्यातून दिलं. म्हणून सात. त्यानंतर साहेबांनाही सातच दिलेत."

"त्या वेळी आमचा पत्रकवाला नव्हता वाटतं मोजायला," एक विश्वस्त म्हणाले, आणि दोघे हसले. त्यांना वाटलं मास्तर आता सारवासारव करताहेत. मलाही तसंच वाटलं.

"आणि नव्या बाटलीचा जोर तुम्हाला कसा कळला?"

"सहा दिवस मी घेतलं. जुनं सहा दिवस, नवं सहा दिवस. नाडी लिहिलेली आहे भिंतीवर. नव्याच्या सहाव्या दिवशी जेवण नको झालं."

"म्हणजे औषध पिता हेही खरं."

"हो."

मग सगळे डॉक्टरांकडे बघायला लागले. डॉक्टर विलायतेला जाऊन आलेले नव्हते, पण जाणार होते, असं त्यांच्याबद्दल बरीच वर्षं बोललं जात होतं. ते वाईट नव्हते. आधी मास्तरांनी त्यांना सांगितलंही होतं, नवी बाटली जोरदार आहे, डोस कमी लिहा. डॉक्टर म्हणाले होते, बघू. त्या बघण्याला दहा दिवस झाले होते. आता चारचौघांत कंपाउंडरच्या सांगण्यावरून आकडा बदलणं त्यांना जमलं नाही.

"डोस डॉक्टर ठरवतो," ते म्हणाले. "लिहिलंय ते द्यायचं."

"मग सात लिहा."

"मास्तर."

"तुम्ही सात लिहा, मी सात देतो. पंधरा लिहाल तर मी देणार नाही."

"मग कोण देईल?" विश्वस्तांनी विचारलं.

"मी देतो," मी म्हणालो.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी चमच्यातलं नाव चुकलो की बघायचे तसं.

त्यांना महिनाभर सक्तीची रजा मिळाली. खिडकीत मी उभा राहिलो. खारविणीच्या बाटलीत एकशे पस्तीस थेंब टाकले, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मोजून. लोक ऐकत होते. सत्तरच्या पुढे गेल्यावर कुणीतरी म्हणालं, "बगा, इतका ठेवून घेत व्हते." माझा ऊर भरून आला. मुनसफांची प्रकृती बरी होती, ते मुलीकडे पुण्याला गेले होते. त्यांनी त्या महिन्यात आमचं औषध घेतलं नाही. म्हणून पंधरा थेंब फक्त तिच्याच वाट्याला आले.

अशा तीन बाटल्या मी भरल्या. दुसऱ्या खेपेला ती म्हणाली, "बाबा, जेवान जात नाय." मी म्हटलं, "पूर्ण औषध आहे आता. थोडा त्रास व्हायचाच." तिसऱ्या खेपेला ती आली नाही, सून आली.

शिकवणी मात्र बंद झाली नव्हती. हे जगावेगळं वाटेल, पण रजेवर असलेल्या मास्तरांकडे आम्ही दुपारी मिरजोळ्याला चालत जायचो आणि ते नेहमीसारखं शिकवायचे, मलाही. रोज एकदा विचारायचे, "खारवीण कशी आहे?" मी म्हणायचो, "बरी आहे." विचारण्यात मला खोच वाटायची. नवव्या दिवशी मी सकाळी तिच्या घरी जाऊन आलो होतो, आणि दुपारी त्यांनी विचारताच मी सगळं ऐकवलं.

"उत्तम आहे. आता कुठे औषध लागू पडतंय. दोन दिवस ओकाऱ्या होताहेत, आतला रोग बाहेर पडतोय असं घरचेच म्हणतात. अन्न नको म्हणते, पण शांत पडून आहे, धाप नाही. भातावर हळद टाकल्यासारखी दिसते म्हणाली, सगळंच जरा पिवळं..."

मी थांबलो. माझंच बोलणं मला कुठेतरी वाचल्यासारखं वाटलं.

"नाडी किती?" मास्तरांनी विचारलं.

"मोजली नाही."

ते उठले आणि चालू लागले. वहाणा पडवीतच राहिल्या. मी मागे धावलो. मिरजोळं ते मिरकरवाडा दीड-दोन कोस, भर दुपार, आणि तो साठीचा माणूस अनवाणी, छत्रीशिवाय. वाटेत एकजण म्हणाला, "मास्तर, जरा गुडघा..." मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला बोलले ते एकच. "तिसरी बाटली कितपत संपली असेल?"

"आज संपेल."

घराशी पोचलो तर बायका दारात आडव्या आल्या. तेव्हा मला कळलं की मास्तर आठ दिवसांपूर्वी, पहिली बाटली गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, इथे येऊन गेले होते. औषध कमी घे म्हणून सांगायला आले होते. त्यांना पायरी चढू दिली नव्हती.

"परत आला काय अर्धा औषध देणारा," सून म्हणाली. "ह्याने वाचून दाखवल्यान ना आमाला."

'ह्याने' म्हणजे मी.

बोलून उपयोग नाही हे मास्तरांना आठ दिवसांपूर्वीच कळलं होतं. ते माझ्याकडे वळून उभे राहिले.

"ह्यांना आत जाऊ द्या," मी म्हणालो.

"तूच तर सांगितलंस..."

"मी चुकीचं सांगितलं. सात बरोबर होते. पंधरा मी दिले. जाऊ द्या त्यांना."

पत्रकात हे वाक्य चार ओळींचं झालं असतं. तिथे एका दमात बोललो.

खारवीण चटईवर पडली होती. मास्तरांनी मनगट धरलं, दुसऱ्या हातात घड्याळ. ओठ हलायला लागले. मध्ये कुणीतरी बोललं आणि ते पुन्हा एकपासून मोजू लागले.

"बेचाळीस," ते म्हणाले. उरलेली बाटली त्यांनी कोटाच्या खिशात टाकली. मग तिच्याजवळ वाकून बोलले, "बाय, घरात पाहुणे फार झालेत. आता नवीन उतरवायचा नाही. आहेत ते आपल्या पायांनी जाईपर्यंत पडून राहायचं. उठायचं नाही, बसायचंसुद्धा नाही. समजलं?"

"आनि मेलंय तर?"

"तर उठू शकणार नाहीस. तोवरही उठू नकोस."

ती ओकारीतूनही हसली.

तो दिवस आणि पुढचे तीन दिवस मास्तर तिथे होते. करण्यासारखं काहीच नव्हतं. वाट बघणं हेच औषध होतं, आणि मोजणं. त्यांनी मला दुसरं मनगट धरायला लावलं. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, मग आकडे जुळवायचे. चव्वेचाळीस. त्रेचाळीस. दुसऱ्या दिवशी एकदा अडतीस, तेव्हा मास्तरांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. मग अठ्ठेचाळीस. मग बावन्न. चौथ्या दिवशी सकाळी साठ. सुनेने पेजेचा भात पुढे केला. खारविणीने ताटली डोळ्यांजवळ नेली, बराच वेळ बघितलं.

"पांढरा हाय," ती म्हणाली.

मास्तर उठले आणि मिरजोळ्याला गेले.

पुढच्या आठवड्यात विश्वस्तांनी त्यांना काढून टाकलं. डॉक्टरांचं औषध डॉक्टरांना न विचारता बंद केलं आणि दवाखान्याची बाटली परस्पर नेली. हेही खरंच होतं. मला या प्रकरणात आरंभापासून शेवटपर्यंत खोटी गोष्ट एकही सापडलेली नाही. डॉक्टरांनी त्यानंतर गुपचूप खारविणीला सात थेंब लिहून दिले. मी त्यांच्या तोंडावर जे बोलायचं ते बोललो. त्यांनी घड्याळ पाहिलं.

मी दुसरं पत्रक काढलं. 'माझी चूक' असा मथळा, सगळी हकीकत, खाली माझं नाव. पहिलं पत्रक दोन दिवसांत संपलं होतं. दुसरं कुणी घेईना. घेतलं तर चार ओळी वाचून म्हणत, "हे आता कशाला?" चावडीवर वाचायला उभा राहिलो तर लोक उठून गेले. कुणी गरिबाचं औषध चोरतो हे ऐकायला माणसं थांबतात. चोरलं नव्हतं हे ऐकायला कुणाला वेळ नसतो. गठ्ठा माझ्या घरी माळ्यावर पडून राहिला. मुंबईला डॉक्टरी शिकायला मी गेलो नाही. मोजायला उभा राहिलो की त्रेसष्टाच्या पुढे आकडा निघत नसे.

दोनेक वर्षांनी कळलं की मास्तर हर्ण्याला आहेत. तिथे दापोलीहून एक डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, त्यांच्याकडे. मी गठ्ठा घेऊन गेलो. किनाऱ्याजवळ एका दुकानाची पडवी, एक खिडकी. संध्याकाळच्या मासळीच्या लिलावाला अजून वेळ होता, होड्या येत होत्या. मास्तर खिडकीत एका माणसाला बाटली हलवायला लावत होते. कोट तोच.

मी पत्रक पुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचलं. मग कानावरची पेन्सिल काढली.

"आठ लिहिलंयस."

"काय?"

"'मास्तरांनी दिलेले आठ थेंब योग्यच होते.' आठ नव्हे, सात." त्यांनी आकडा खोडून वर सात लिहिला. "छापायच्या आधी मोजावं रे."

मी प्रत्येक प्रत पाहिली. सगळीकडे आठ.

एक प्रश्न मला दोन वर्षं विचारायचा होता तो मी विचारला. अजूनही तो मला बरोबर वाटतो. "मास्तर, तुम्ही तिला आधीच का नाही सांगितलंत? पहिल्या सात थेंबांच्या दिवशीच? औषध तिचं, जीव तिचा."

"कमी म्हटलं की गरिबाला वाटतं फसवलं. तुला वाटलं नाही का?"

"पण तिला विचारायचा हक्क होता."

"होता," ते म्हणाले. पेन्सिल परत कानावर खोचली. "त्या चार प्रश्नांत हा पाचवा घालायला हवा होता. सुचला नाही." आणि खिडकीबाहेर बघून, "पुढचा या."

पुढच्याचं औषध भरून झाल्यावर त्यांनी गठ्ठ्यातलं एक पत्रक उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. कोपरा बोटांत धरून कागद चोळून पाहिला.

"कागद बरा आहे. डिंक धरेल. किती आहेत?"

"जवळजवळ सगळे."

त्यांनी कात्री माझ्यापुढे सरकवली. मी खिडकीखाली बसलो आणि माझी कबुली उभी कातरायला लागलो. बोटभर रुंद पट्टी, नऊ खाचा. पहिल्या दोन त्यांनी फेकून दिल्या, खाचा सारख्या नव्हत्या. तिसरी घेतली, छापील बाजूला डिंक लावला आणि बाटलीवर बसवली. आत तांबूस मिक्श्चर होतं, गळ्यापर्यंत.

एक हर्णेकर कोळी बाटली घेऊन उभा होता. "हलव," मास्तर म्हणाले. त्याने हलवली, उजेडात धरली, मागून पाहिलं.

"आत कायतरी लिवलाय. दिसत नाय."

"औषध खाली जाईल तसं दिसेल," मास्तर म्हणाले. "वाचता येतं का तुला?"

"नाय."

"मग नुसतं घे. दिवसातून तीनदा."